चिंध्यांचा चित्रकार : कुर्ट श्विटर्स

ट्रामचे वापरून झालेले तिकीट, फाटक्या पाकिटाचा कोपरा, चुरगळलेला चांदीचा कागद, मोडक्या खेळण्याचे चाक, बाटलीचे बूच, कुणाच्या तरी कोटाचे गळून पडलेले बटण. रस्त्याने चालताना यांतले काय आपल्या पायाखाली आले याची दखल आपण घेत नाही. ती घेतो फक्त झाडणारा, आणि तोही उकिरड्यावर टाकण्यापुरती. परंतु जर्मनीत एक माणूस असा होऊन गेला की जो झाडणाऱ्याच्याही आधी वाकत असे. उंचापुरा, अंगात सूट, गळ्यात टाय, दिसायला एखाद्या बँकेतला साहेब; आणि खिशात मात्र रस्त्यावरचा केरकचरा! आज त्या केरकचऱ्याची चित्रे जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांतून काचेआड जपून ठेवली आहेत. त्याचे नाव कुर्ट श्विटर्स.

हॅनोव्हर शहरी २० जून १८८७ रोजी त्याचा जन्म झाला. आईवडिलांचे बायकांच्या कपड्यांचे दुकान होते. पुढे ते विकून त्यांनी घरे घेतली आणि भाड्यावर त्यांचा चरितार्थ सुखाने चालू लागला. म्हणजे कुर्टच्या घरी अन्नवस्त्राची ददात नव्हती. ही गोष्ट आताच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

चौदा वर्षांचा असताना गावाकडच्या घरी त्याने स्वतःच्या हाताने एक छोटीशी बाग केली होती. गुलाब, स्ट्रॉबेरी, एक मातीचा डोंगर, एक तळे. गावातल्या टारगट पोरांनी ती त्याच्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त केली. त्या धक्क्याने त्याला झटके येऊ लागले, आणि फेफऱ्याचा हा आजार त्याला जन्मभर पुरला. थोरांच्या चरित्रांत बालपणीचे प्रसंग बहुधा शोभेसाठी घातलेले असतात असे मला वाटते, पण हा प्रसंग तसा नाही. या माणसाने आयुष्यात जे जे बांधले ते ते कुणीतरी मोडले, आणि त्याची सुरुवात या बागेपासून झाली.

१९०९ ते १९१५ तो ड्रेस्डेनच्या कला अकादमीत शिकला. माणसांची चित्रे आणि निसर्गचित्रे तो बरी काढी. बरी म्हणजे जशी शेकडो विद्यार्थी काढतात तशी. १९१५ मध्ये हेल्मा फिशर हिच्याशी त्याचे लग्न झाले. दुसऱ्या वर्षी मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. तिकडे पहिले महायुद्ध पेटलेले होते. प्रकृतीमुळे त्याला आघाडीवर न पाठवता एका लोखंडाच्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढण्याच्या कामाला लावले. तेथे त्याला चाकाचे वेड लागले. पुढे त्याच्या चित्रांतून जी इतकी चाके दिसतात, खरी मोडकी चाके, खिळ्याने ठोकलेली, त्यांचे मूळ या कारखान्यात आहे.

१९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध संपले. त्याच महिन्यात अर्न्स्ट हा दुसरा मुलगा जन्मला. जर्मनी हरली होती. राजा पळाला होता, पैशाची किंमत घसरत होती, दुकाने रिकामी होती. जुने जग मोडले आहे आणि नवे जे काही करायचे ते या तुकड्यांतूनच करावे लागणार, असे श्विटर्सच्या मनाने घेतले. अशा काळात गुलाबाच्या फुलांची तैलचित्रे काढायची कशी? त्याने रस्त्यावरचे तुकडे उचलले.

कागद चिकटवून चित्र करण्याचा शोध काही त्याचा नव्हे. १९१२ मध्ये पॅरिसला पिकासो आणि ब्राक यांनी ती वाट पाडली होती. पिकासोने त्या वर्षी एका चित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीचा छाप असलेला मेणकापडाचा तुकडा डकवला आणि चौकटीऐवजी सभोवार दोर गुंडाळला. चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून कोलाज हे नाव पडले. परंतु पिकासोला तो एक प्रयोग होता; तो करून तो पुढे गेला. श्विटर्सने त्याचा संसारच मांडला. कागदाबरोबर त्याने कापड, लाकूड, पत्रा, तार, बूच, पिसे, जे मिळेल ते घेतले. १९१९ च्या एका मोठ्या चित्रात तर चाके आहेत, नरसाळे आहे आणि एका कुलीन स्त्रीचे चित्र आडवे करून त्यात बसवले आहे.

त्याची करण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पुठ्ठ्यावर तो पीठ आणि पाण्याची खळ भरपूर फासत असे. हीच खळ आपण पतंगाला आणि निवडणुकीच्या पोस्टरांना वापरतो. ती ओली असताना त्यावर कागदाचे कपटे टाकायचे आणि बोटांनी इकडून तिकडे सरकवत राहायचे. एक कपटा दुसऱ्याच्या खाली जाई, एखादा निम्मा झाकला जाई, एखादा फाडून पुन्हा लावला जाई. मनाजोगते जमले की वरची जादा खळ फडक्याने पुसायची, काही ठिकाणी मुद्दाम ठेवायची. मग कुठे ब्रशचा एखादा फटकारा. पाहणाऱ्याला वाटते, कचरा सांडला आहे. जरा वेळ पाहत राहिले की कळते, यातला एक निळा चौकोन उचलला तर सगळे चित्र एका बाजूला कलंडेल. तिकिटावरचा आकडा, पाकिटावरचा शिक्का, जाहिरातीतले अर्धे अक्षर हे सगळे तेथे रंग आणि रेषा म्हणून येते. पण ते तिकीट तिकीटही राहते. कुणीतरी अमुक दिवशी अमुक गाडीत बसून गेले होते, ही त्याची खूण पुसली जात नाही. मला स्वतःला त्याची चित्रे आवडतात ती यासाठी.

आमच्या भंडारदऱ्याकडे या प्रकाराला कुणी कला म्हणणार नाही. आमच्याकडे त्याला ठिगळ म्हणतात. आजीच्या हातची वाकळ आठवून पाहा : एका पातळाचा काठ, सदऱ्याची पाठ, कुणाच्या लग्नातल्या चोळीचा खण, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पांढऱ्या दोऱ्याची धाव. त्या वाकळेत घरातली चार माणसे असतात. त्यांतली दोन हयात नसतात. श्विटर्सच्या चित्रांचे फोटो मी प्रथम पाहिले तेव्हा मनात हीच तुलना आली. पण ती फार ताणू नये असेही वाटते. आजीने वाकळ शिवली ती थंडीसाठी. भंडारदऱ्याची पौषातली थंडी ज्याने काढली आहे त्याला हे सांगायला नको. ठिगळ लावणे ही तिची गरज होती, आणि ठिगळाची चड्डी घालून शाळेत जाताना आमच्यापैकी अनेकांनी ते ठिगळ हाताने झाकले आहे. श्विटर्सला मात्र वडिलांच्या घरांचे भाडे येत होते. त्याने ठिगळ निवडले. हा फरक लपवून त्याला गरिबांचा चित्रकार म्हणणे खोटेपणाचे होईल. मात्र ज्याची लाज वाटते ते भिंतीवर टांगता येते, एवढे त्याने दाखवले, आणि ते आमच्यासारख्यांना कमी नाही.

येथे आपल्या पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण होणे साहजिक आहे. श्विटर्स हॅनोव्हरच्या रस्त्यांवर वाकत होता त्याच सुमारास 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी जुने दिवे, अडकित्ते, कुलपे, फण्या, दौती असल्या घरगुती वस्तू गोळा करायला आरंभ केला. १९७५ साली त्यांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. दोघांनाही वापरातल्या साध्या वस्तूचा लळा होता. पण केळकरांनी वस्तू अखंड जपली. श्विटर्सला वस्तू मोडलेलीच हवी असे.

असो. आता नावाची गोष्ट. १९१९ च्या एका चित्रात त्याने बँकेच्या जाहिरातीचा कपटा चिकटवला होता. बँकेचे नाव होते कोमेर्त्स उंड प्रिव्हाट बांक. कापता कापता त्यातली 'मेर्त्स' एवढीच अक्षरे उरली. या शब्दाला काही अर्थ नव्हता, आणि म्हणूनच तो त्याला भावला. आपल्या चित्रांना, कवितांना, १९२३ पासून काढलेल्या नियतकालिकाला, पुढे घराला आणि शेवटी स्वतःलाही त्याने मेर्त्स हेच नाव दिले. त्याच साली 'आना ब्लूमे' या बाईला उद्देशून लिहिलेली त्याची विक्षिप्त प्रेमकविता प्रसिद्ध झाली. लोक हसले, चिडले, आणि तो एकाएकी सर्वांना ठाऊक झाला.

त्या वेळी दादा नावाच्या बंडखोर कलावंतांचा युरोपात बोलबाला होता. (आपल्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ किंवा गल्लीतला गुंड. त्यांच्यात दोन्हींचा थोडाथोडा अंश होता!) बर्लिनच्या दादा मंडळींनी श्विटर्सला जवळ केले नाही. त्यांना क्रांती हवी होती, आणि हा बायकामुलांत रमणारा, बापाच्या घरात राहणारा गृहस्थ त्यांना पांढरपेशा वाटला. त्याने ते फारसे मनावर घेतले नाही. १९२३ च्या आरंभी हॉलंडमध्ये थेओ व्हान डूसबुर्ख या मित्राबरोबर त्याने दौरा काढला. मित्र व्यासपीठावर गंभीरपणे दादा म्हणजे काय हे समजावून सांगत असे, आणि श्विटर्स श्रोत्यांत बसून मध्येच कुत्र्यासारखा भुंकत असे. निव्वळ आवाजांची बनवलेली, शब्दांना अर्थच नसलेली एक लांबलचक कविता तो गाऊन दाखवी. पोटासाठी मात्र तो जाहिराती करी. पेलिकन शाई बनवणारी कंपनी त्याची गिऱ्हाईक होती आणि हॅनोव्हर नगरपालिकेचे छापील कागदही काही वर्षे तो सजवून देत असे. वेड आणि व्यवहार एकाच माणसात असे सुखाने नांदलेले क्वचितच दिसतात.

याच काळात त्याने आयुष्यातले सर्वांत मोठे काम हाती घेतले. वाल्डहाउझेन रस्त्यावरच्या वडिलांच्या घरात त्याची काम करण्याची खोली होती. १९२३ च्या सुमारास तेथे एक खांब उभा राहिला. खांबाला वस्तू चिकटल्या, वस्तूंना प्लास्टर लागले, भिंतींना कोन फुटले, छतातून सुळके खाली आले. खोली भरली तेव्हा काम शेजारच्या खोल्यांत शिरले. मित्रांच्या नावाने त्यात कोनाडे होते आणि प्रत्येक कोनाड्यात त्या मित्राची काही ना काही वस्तू ठेवलेली असे. नवा थर चढला की जुना कोनाडा आत गाडला जाई. आपल्याकडे घर बांधताना भिंतीत देवळी ठेवतात. येथे देवळ्यांचेच घर झाले होते. मेर्त्सबाउ असे त्याचे नाव. चौदा वर्षे तो ते बांधत होता, आणि बांधून झाले असे त्याने कधी म्हटले नाही.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. नव्या चित्रकलेवर नाझींचा राग होता. १९३७ मध्ये त्यांनी म्युनिकला 'अवनत कला' या नावाने एक प्रदर्शन भरवले. लोकांनी येऊन चित्रांना हसावे, थुंकावे, हाच त्याचा हेतू होता. ड्रेस्डेनच्या संग्रहालयातून काढून आणलेले श्विटर्सचे काम त्यात होते. पण तोपर्यंत तो देशात राहिला नव्हता. गेस्टापोची नजर आपल्यावर आहे हे कळताच त्याने त्या वर्षाच्या जानेवारीतच नॉर्वे गाठले होते. मुलगा अर्न्स्ट आधीच तेथे गेला होता. हेल्मा हॅनोव्हरलाच राहिली. म्हातारी माणसे आणि घरे यांची व्यवस्था तिला पाहायची होती. अधूनमधून ती नॉर्वेला येऊन जाई. १९३९ च्या उन्हाळ्यानंतर मात्र नवराबायकोची भेट झाली नाही.

ऑस्लोजवळ लीसाकर येथे त्याने दुसरा मेर्त्सबाउ बांधायला घेतला. उन्हाळ्यात एका बेटावरच्या दगडी झोपडीत तो राही, आणि तिच्याही भिंती त्याने कागदांनी भरल्या. हॅनोव्हरची ट्रामची तिकिटे आता नव्हती. त्यांच्या जागी समुद्राने काठावर आणून टाकलेली लाकडे आली. १९४० मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेतही आले. तेव्हा मुलगा आणि सून यांच्याबरोबर उत्तरेकडे पळत पळत, शेवटी 'फ्रिटयोफ नानसेन' या बर्फ फोडणाऱ्या जहाजातून तो जूनमध्ये स्कॉटलंडला उतरला.

इंग्रजांनी त्याला धरले, कारण तो जर्मन होता! जर्मनांनी कलेचा शत्रू म्हणून हाकलले आणि इंग्रजांनी देशाचा शत्रू म्हणून कोंडले. आइल ऑफ मॅन बेटावरच्या हचिन्सन छावणीत तो जवळजवळ दीड वर्ष होता. तेथे रंग नाहीत, कागद नाहीत. मग त्याने जमिनीवरचे लिनोलियम उचकटून त्यावर सोबतच्या कैद्यांची चित्रे रंगवली. न्याहारीची उरलेली लापशी गोळा करून तिच्या मूर्ती केल्या. त्यांना बुरशी आली, वास सुटला, त्या पाझरू लागल्या. रात्री तो भुंकत असे. बरोबरचे काही वैतागले. पण त्याच छावणीत प्राध्यापक, गायक, शिल्पकार कोंडलेले होते, आणि अनेकांना तेथले दिवस त्याच्यामुळे सुसह्य झाले.

१९४१ च्या अखेरीस सुटून तो लंडनला आला. तेथे एडिथ टॉमस नावाची तरुणी त्याच्या आयुष्यात आली. ती सारखी चहा हवा का म्हणून विचारी, म्हणून तिचे नाव त्याने वाँटी ठेवले. लंडनने त्याला ओळखले नाही. १९४३ च्या ऑक्टोबरात दोस्तांच्या विमानांनी हॅनोव्हरवर बाँब टाकले आणि वाल्डहाउझेन रस्त्यावरचे घर मेर्त्सबाउसकट जळून गेले. एका वर्षाने, २९ ऑक्टोबर १९४४ रोजी, हेल्मा कर्करोगाने वारली. ती बातमी त्याच्यापर्यंत पोहोचायलाही वेळ लागला. त्याच साली त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता.

१९४५ मध्ये वाँटीला घेऊन तो इंग्लंडच्या उत्तरेकडे अँबलसाइड या गावी राहायला गेला. हा प्रदेश तळ्यांचा, डोंगरांचा आणि पावसाचा. नकाशात पाहताना मला आमचाच मुलूख आठवला. फरक इतकाच की त्यांची तळी निसर्गाने केली आणि आमचे तळे प्रवरा अडवून १९१० ते १९२६ या काळात बांधलेल्या धरणाने केले. तेथेही पर्यटक येतात, येथेही येतात. येथे मेअखेरीस काजव्यांसाठी आणि श्रावणात धबधब्यांसाठी गर्दी लोटते, आणि सोमवारी सकाळी रस्त्याकडेला उरतात वेफर्सची पाकिटे, छत्रीच्या काड्या, चपलेचा तुटका अंगठा आणि एसटीची तिकिटे. यंत्रातून निघणाऱ्या या तिकिटावरची शाई काही महिन्यांत उडून जाते. श्विटर्सच्या ट्रामच्या तिकिटावरचे आकडे शंभर वर्षांनी वाचता येतात. आजच्या कोलाजकाराची ही अडचण आहे, आणि ती त्याने कशी सोडवली असती हे पाहायला मला आवडले असते.

अँबलसाइडला तो पोटासाठी पुन्हा मुखचित्रे आणि निसर्गचित्रे काढू लागला. तेथल्या फुलांच्या प्रदर्शनातही त्याने चित्रे ठेवली. गावाच्या दृष्टीने तो एक आजारी, गरीब, परदेशी म्हातारा होता. गावच्या डॉक्टरांबरोबर तो बुद्धिबळ खेळे. रात्री मात्र अमेरिकेहून मैत्रिणीने पाठवलेली रंगीत चित्रकथांची पाने, मिठाईचे कागद, बसची तिकिटे यांतून कोलाज चाले. १९४७ मध्ये लंडनला त्याने आपली ती आवाजांची कविता म्हणून दाखवली, तेव्हा ऐकायला आलेली बीबीसीची माणसे मध्येच उठून गेली.

त्याच वर्षी, साठाव्या वाढदिवसाच्या सुमारास, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाकडून त्याला एक हजार डॉलर मंजूर झाल्याचे पत्र आले. हेतू हा की आधीचा मेर्त्सबाउ त्याने पुन्हा उभा करावा. हॅनोव्हरचा जळला होता. नॉर्वेला जाण्याची ताकद अंगात नव्हती. मग त्याने नवा बांधायचे ठरवले! एल्टरवॉटर गावाजवळ हॅरी पिअर्स या बागकाम करणाऱ्या गृहस्थाची जागा होती. श्विटर्सने त्याचे चित्र काढले होते, त्या ओळखीतून जागेतले दगडी गवतघर मिळाले. तेथे पूर्वी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. जमीन ओली, भिंतीतून गारठा येई. पाय मोडून बरा झालेला, दम लागणारा हा माणूस दररोज बसने तेथे जाई आणि मेणबत्तीच्या उजेडात प्लास्टर थापत राही. आसपास सापडेल ते भिंतीत जाई : झारीची चाळण, मुलांचा रबरी चेंडू, पाटीचा दगड, सोनेरी चौकट, ओढ्यातले गोटे. पण हॅनोव्हरच्या खोलीसारखी येथे गर्दी नाही. भिंत मऊ वळणे घेत जाते, आणि वस्तू जवळजवळ झाकल्या गेल्या आहेत. फोटोत ती मला आमच्याकडच्या सारवलेल्या कुडासारखी दिसते. एक भिंत पुरी होण्याआधीच थंडी आली.

७ जानेवारी १९४८ रोजी त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्याचे पत्र आले. दुसऱ्या दिवशी केंडलच्या इस्पितळात तो वारला. अर्न्स्ट आणि वाँटी जवळ होती. अँबलसाइडच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. १९७० मध्ये हॅनोव्हरने त्याच्या अस्थी परत नेल्या. १९५१ मध्ये लीसाकरचा मेर्त्सबाउही मुलांच्या हातून आग लागून गेला होता. बागेपासून मोजले तर हे तिसरे.

गवतघरातली भिंत मात्र उरली. तिला ओल लागत होती, म्हणून १९६५ मध्ये ती सबंध भिंत गवतघरापासून कापून वेगळी केली आणि गाडीवर घालून न्यूकॅसलच्या विद्यापीठात नेली. तेथल्या हॅटन कलादालनात ती उभी आहे. झारीची चाळण आणि रबरी चेंडू अजून तिच्यात आहेत.